ट्रिब्यूट या शब्दाचं आजोळ

केप कोस्ट,
मंगळवार

प्रिय अराबा,

बर्नार्ड रविवारी मिस्सानंतर येऊन गेला. एको गेल्यावर मी तुझ्याकडे आले होते, पण तुझ्याभोवती बायकांचा एवढा गराडा होता की हात हातात घेण्यापलीकडे काही बोलणं झालं नाही. बहुधा म्हणूनच तू मुलाला पाठवलंस. त्याने रीतीप्रमाणे श्नॅप्स दारूची बाटली टेबलावर ठेवली, तुझ्या गुडघ्यांचं सांगितलं, झोप लागत नाही ते सांगितलं, आणि मग निरोप दिला. शनिवारी चर्चमध्ये शवपेटीसमोर विधवेचं म्हणून जे ट्रिब्यूट वाचायचं, ते गौरवाचे चार शब्द एफुआने लिहून द्यावेत. तुझ्या नावाने, तुझ्या तोंडी. अंत्यविधीची पुस्तिका छापणारा उद्या दुपारपर्यंतच थांबणार आहे म्हणे. मी म्हटलं, विचार करते. तर तो हसला. "विचार कसला त्यात मावशी? तुम्ही डोळे मिटून लिहिलंत तरी अख्खं चर्च रडेल." तेव्हापासून मी कागद पुढ्यात घेऊन बसते आणि उठते. लिहू की नको, एवढाच प्रश्न आहे, आणि तो सुटत नाही.

तुला ठाऊकच आहे, नोकरी संपल्यापासून माझा हा उद्योगच झालाय. गावात कुणी गेलं की घरचे लोक आधी शवागारात जागा बघतात, मग सगळ्यांनी नेसायच्या कापडाचा रंग ठरवतात आणि मग माझ्या दारात येतात. "मॅडम, मोठे शब्द घाला हं. क्वान्साहांच्या ट्रिब्यूटमध्ये असा एक शब्द होता की वाचताना पाद्रीबाबासुद्धा अडखळले. आम्हाला त्याहून मोठा हवा." एका बाईंना नवऱ्यासाठी 'अविश्रांत' हाच शब्द पाहिजे होता. तो गृहस्थ आरामखुर्चीतून फक्त जेवायला उठायचा. मी लिहिला. दारुड्याला मी 'मनमिळाऊ' लिहिलंय, बायकोवर हात टाकणाऱ्याला 'शिस्तीचा भोक्ता', आणि ज्याच्या तीन गावांत तीन चुली पेटायच्या त्याला 'विशाल हृदयाचा'. मेलेल्यांबद्दल खोटं लिहिताना माझा हात कधी कचरला नाही. एकोबद्दल खोटं लिहायची गरजच नाही, आणि तिथेच माझं घोडं अडलंय.

कागदाकडे बघत बसले की आपल्या शाळेतल्या सिस्टर कोलंबा डोळ्यांपुढे येतात. नाक कायम उन्हाने सोललेलं, काळ्या बाह्यांवर खडूची भुकटी. इंग्रजीचा कुठलाही अवघड शब्द आला की त्या अर्थ कधी पहिल्यांदा सांगायच्या नाहीत. फळ्यावर झाड काढायच्या. बुडाशी लॅटिन शब्द, वर फांद्या, फांदीफांदीवर एकेक इंग्रजी शब्द. "मुलींनो, शब्द एकटा येत नाही, घराणं घेऊन येतो. लॅटिन हा या सगळ्यांचा बाप." आणि तू हात वर केलास. तूच. "सिस्टर, बाप असेल तर हे शब्द त्याच्या घराण्याचे कसे? आमच्याकडे मूल तर आईच्या कुळाचं." सगळा वर्ग माना डोलवायला लागला. आयर्लंडहून निघताना त्या बिचारीला हे कुणी सांगितलं नव्हतं. त्या आधी लाल झाल्या, मग हसल्या. "बरं बाई, या वर्गात लॅटिन आई. झालं समाधान? बस आता खाली." त्या दिवसापासून आपण शब्दाचं मूळ म्हणणं सोडलं, शब्दाचं आजोळ म्हणायला लागलो. विहिरीवर, आंघोळीच्या रांगेत, प्रार्थनेत गुडघे टेकून बसलेलो असताना, 'याचं आजोळ कुठलं गं?' असं कुजबुजत आपण परीक्षेचे सगळे शब्द पाठ केले. पुढे मी इतकी वर्षं शिकवलं, ते सिस्टरांचंच. आजोळ म्हणायची रीत मात्र तुझी. ती मी प्रत्येक वर्गाला दिली आणि प्रत्येक वर्गाला सांगितलं की ही माझी मैत्रीण अराबा हिची कल्पना.

ट्रिब्यूटचा तास तुला आठवतो का? मला कालच्यासारखा आठवतो. सिस्टरांनी आपल्याला बदामाच्या झाडाखाली नेलं, तीन टोळ्या केल्या. रोमच्या लोकांच्या सुरुवातीला अशाच तीन टोळ्या होत्या, टोळीला ते म्हणायचे ट्रिबुस. ज्या टोळीच्या वाट्याला जे येईल ते वाटून देणं म्हणजे ट्रिबुएरे. आणि प्रत्येक टोळीने सरकारजमा करायचा तो कर म्हणजे ट्रिबुटुम. पुढे रोमने शेजारचे मुलूख जिंकले, मग हा कर हरलेल्यांच्या गळ्यात पडला. म्हणजे मूळची ती खंडणी. गौरव, आदरांजली वगैरे अर्थ फार उशिरा आले, तेही कवी लोकांनी आणले, असं सिस्टर म्हणायच्या. मग त्यांनी आपल्याला दोरी ओढायला लावली आणि हरलेल्यांनी जिंकलेल्यांना शेंगदाणे नेऊन द्यायचे असं ठरवलं. तुझी टोळी जिंकली. तू उलट्या बादलीवर बसलीस, आणि मी ओच्यात शेंगा घेऊन तुझ्यापुढे आले. "वाकून दे गं, मी रोम आहे," म्हणालीस. मी वाकून दिल्या. आपण दोघी हसून हसून जमिनीवर लोळलो होतो.

शेवटी प्रत्येकीने तो शब्द घालून एक वाक्य करायचं असायचं. राजे आणि सेनापती चालायचे नाहीत, स्वतःच्या घरातलं वाक्य पाहिजे. तू उठून म्हणालीस, 'काकांनी जिवंतपणी ज्यांना दारात उभं केलं नाही, तेच लोक त्यांना ट्रिब्यूट म्हणून सगळ्यांत मोठ्याने रडले.' सिस्टरांनी तुला पूर्ण मार्क दिले. माझं वाक्य काय होतं ते मला आठवत नाही. काहीतरी चर्चबिर्चचं असणार. मी तेव्हा तशीच होते.

परवा बर्नार्ड तुमच्या घरची तयारी सांगत होता आणि मला वाटत होतं, सिस्टरांचं ते झाडच बोलतंय. मांडवात टेबल मांडून, माइकवरून ज्याचं त्याचं नाव पुकारून जी वर्गणी घेणार, ते कॉन्ट्रिब्यूशन. सगळं आटोपल्यावर कुळातले मोठे लोक बसून एकोची कापडं, शिडाची होडी, टेकडीखालचं शेत वाटणार, ते डिस्ट्रिब्यूशन. आणि एकाचं म्हणणं दुसऱ्याच्या तोंडी घालणं, एकाचं कर्तृत्व दुसऱ्याच्या नावे मांडणं, ते अ‍ॅट्रिब्यूट करणं. म्हणजे तू मला सांगितलेलं काम. एकाच आजोळची भावंडं, सगळी एका मांडवात.

आता एकोबद्दल. तुझ्या नवऱ्याबद्दल मी तुला काय सांगावं, असं तुला वाटेल. पण हा तुझा नवरा व्हायच्या आधीचा एको. जमीन मोजणाऱ्या साहेबाच्या हाताखाली काम करायचा, खांद्यावर ती तिपाई घेऊन किनाऱ्याने यायचा, आणि चर्चच्या गायनात खर्जात गायचा. तालमीनंतर मला वाटेत गाठायचा. हातात भाजलेलं केळं आणि शेंगदाणे, अर्धं माझं. त्याला शब्दांचं वेड नव्हतं, पण माझं वेड त्याला आवडायचं. "आज कुणाच्या आजोळी गेली होतीस?" असं विचारायचा. मी सांगायचे, आणि तो मोजणीदार असल्यासारखा मान तिरकी करून ऐकायचा. एकदा म्हणाला, "तुझं बोलणं ऐकलं की वाटतं, जमिनीखाली आणखी एक जमीन आहे. ती मोजायला कुठली साखळी आणू?" अराबा, तू त्याच्याबरोबर आयुष्य काढलंस. तुझ्याशी तो असं बोलायचा का? खरंच विचारते. बर्नार्डने मला मुद्दे लिहून आणले होते. प्रेमळ, देवभीरू, कष्टाळू, कुटुंबवत्सल. हे चार शब्द मी या गावातल्या प्रत्येक पुरुषाला लावून झालेत.

ईस्टरनंतरच्या रविवारी त्याची माणसं रीतीप्रमाणे दार ठोठावून मागणी घालायला येणार असं ठरलं होतं. ठरलं म्हणजे त्याने मला सांगितलं, मी आईला, आईने मामाला. आईने पायऱ्यांना चुना लावला. चर्चच्या सभागृहातून खुर्च्या मागून आणल्या. मामा सकाळपासून चांगलं कापड खांद्यावर टाकून, विचारतील त्याला काय उत्तर द्यायचं याची तालीम करत बसला होता. "म्हणतील, तुमच्या बागेत एक फूल पाहिलं. मी म्हणेन, बागेत फुलं पुष्कळ आहेत, कुठलं ते नीट सांगा. लगेच हो म्हणायचं नाही, पोरीची किंमत राहत नाही." आई म्हणाली, "फार ताणू नका हो, कोंबडी गार होईल." मग गल्लीच्या टोकाला ती माणसं दिसली. पुढे एकोची थोरली बहीण मान्सा आत्या, तिच्यामागे एकीच्या डोक्यावर तबक, तबकात पांढऱ्या रुमालाखाली बाटल्या. मी खिडकीच्या फटीतून बघत होते. आत्या आमच्या दारापाशी आली. थबकली. खिडकीकडे बघून तिने दोन्ही हात जोडले, वेदीसमोर जोडतात तसे. आणि पुढे गेली. आमच्यापासून चौथं घर तुमचं. तिथे दार ठोठावल्याचा आवाज मला ऐकू आला.

आई म्हणाली, "चुकून पुढे गेले असतील. येतील परत." मामा संध्याकाळपर्यंत तसाच बसून राहिला, कापड खांद्यावरून एकदासुद्धा ओघळू न देता. खुर्च्या मी परत नेऊन दिल्या.

दुसऱ्या दिवशी तू आलीस. माझ्या गळ्यात पडून रडलीस. "एफुआ, शप्पथ सांगते, मला काही कल्पना नव्हती. मोठ्यांनी ठरवलं, माझं कोण ऐकतं?" मी तुझी समजूत काढली, आठवतंय? मीच तुझे डोळे पुसले. म्हटलं, तुझा काय दोष. तुझ्या लग्नात तुझ्या मागे पदर धरून मी चालले. बर्नार्डच्या बाप्तिस्म्याला त्याला हातावर घेऊन मी उभी राहिले. त्याला शब्दांची आजोळं मी शिकवली. एको तेव्हा कधी समोर आला तर मान खाली घालायचा. मी समजायचे, अपराधी वाटतंय. मनात म्हणायचे, वाटू दे.

पुढे एकदाच तो माझ्याशी नीट बोलला. चर्चच्या गायकमंडळाच्या वर्धापनाचं जेवण होतं. मला तोवर शाळेत शिकवायला लागून बरीच वर्षं झाली होती, मी मागच्या शिक्षिकांच्या खोल्यांत राहत होते. तो ताट हातात घेऊन माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "सिस्टरांनी अखेर तुला सोडलं तर." मला वाटलं, टोमणा मारतोय. लग्न न झालेल्या बाईला, शाळेच्या आवारात म्हातारी होणाऱ्या बाईला टोमणा. मी म्हटलं, "मला कुणी धरून ठेवलंच नव्हतं." तो माझ्याकडे बघतच राहिला, अराबा. तोंड अर्धवट उघडलं होतं. काहीतरी विचारणार होता. तेवढ्यात तू हाक मारलीस, की मुलाच्या अंगावर रस्सा सांडलाय, आणि तो गेला.

आता रविवारचं सांगते. बर्नार्ड निरोप देऊन झाल्यावरही निघेना. माझ्या व्हरांड्यात बसून शेंगदाणे खात जुन्या गोष्टी काढत होता. बाप गेलेला मुलगा, बोलावंसं वाटणारच. म्हणाला, "मावशी, आमची आजी, बाबांची आई, तुमच्याबद्दल काय सांगायची माहितीय? म्हणायची, ती देवाला दिलेली पोर. आम्हाला कुठलं माहीत! आम्ही तर बाटल्या घेऊन तिच्याच दारात निघालो होतो. आदल्या आठवड्यात अराबा धावत आली आणि म्हणाली, 'काय करताय हे? एफुआने सिस्टर कोलंबांना शब्द दिलाय, परीक्षा झाली की ती मठात जाणार.' म्हणून पाप टळलं, नाहीतर बिशपच्या ताटातला घास उचलला असता आम्ही." हे सांगताना तो आजीचा आवाज काढत होता. छान काढतो. मग आणखी हसून म्हणाला, "पण मग तुम्ही मठात का नाही गेलात हो? आजीला वाटायचं तुम्ही देवाला दिलेला शब्द मोडलात, म्हणून तुम्हाला घर-संसार लाभला नाही. बाबांना असलं आवडायचं नाही. ते उठून बाहेर जायचे."

मी त्याच्या वाटीत आणखी शेंगदाणे घातले. दुसरं काय करणार होते? त्याला यातलं काही माहीत नाही. त्याच्यावर रागावू नकोस, त्याला विचारूही नकोस.

तो गेल्यावर मात्र मला पायऱ्या दिसल्या. शाळेच्या झोपायच्या खोल्यांमागच्या, भांडी वाळत घालायच्या त्या पायऱ्या. सिस्टर कोलंबांनी ईस्टरआधी एका दुपारी मला बोलावून विचारलं होतं, हे खरं आहे. "तुझ्यासारख्या मुलीची देवाला गरज आहे, एफुआ." मी म्हटलं होतं, विचार करून सांगते. आणि ते मी जगात एकाच माणसाला सांगितलं, त्या पायऱ्यांवर बसून. तुला. आणि हेही सांगितलं की मी नाही म्हणणार आहे, कारण ईस्टरनंतर एकोची माणसं येणार आहेत. तू माझे दोन्ही हात धरलेस आणि म्हणालीस, "किती छान गं." त्यातलं अर्धं तू उचललंस आणि त्यांच्या घरी नेऊन ठेवलंस. खोटं म्हणता येणार नाही असं अर्धं. सिस्टरांनी विचारलं होतं, हे तर खरंच ना. त्यात फक्त माझं उत्तर तू लिहिलंस, माझ्या नावे. उत्तर अ‍ॅट्रिब्यूट केलंस.

तुला तो आवडत होता हे मला कळलं नव्हतं. कळलं असतं तर मी काय केलं असतं, माहीत नाही. आपण भांडलो असतो. तुझ्या वेण्या मी ओढल्या असत्या. कुणीतरी एक जिंकलं असतं, आणि दुसरीला निदान कळलं असतं की आपण हरलो, कशात हरलो, कुणाशी हरलो. तू मला तेवढंही दिलं नाहीस. मला वाटत राहिलं की त्याने मला टाकलं. त्याला वाटत राहिलं की मी त्याला देवासाठी टाकलं, आणि पुढे देवालाही टाकलं. एकाच गावात, एकाच चर्चमध्ये, तो उजवीकडच्या बाकांवर आणि मी डावीकडच्या. माझी आई मरेपर्यंत म्हणत राहिली की पायऱ्यांना चुना लावला तेव्हा कुणाची तरी दृष्ट लागली. मान्सा आत्या आजही मला पाहिलं की हात जोडते, आणि मी आपली समजत आले की हा जुन्या शिक्षिकेचा मान. ती माझी कीव करत होती. शब्द मोडलेली बाई म्हणून.

तरीही मी लिहायला बसले होते, हे तुला सांगायला हवं. सवयीने असेल. 'माझे प्रिय पती' इथपर्यंत हात गेला. पुढे काय लिहू? की ते मान तिरकी करून ऐकायचे? की भाजलेल्या केळ्याचा मोठा तुकडा ते नेहमी दुसऱ्याला द्यायचे? हे मी लिहिलं, तू वाचलंस, तर लोक म्हणतील, काय संसार होता. बायका पदराने डोळे टिपतील. आणि माझ्याकडे होतं नव्हतं तेवढंही त्या माइकवरून तुझं होऊन जाईल. हरलेल्यांनी खंडणी द्यायची हे मला बदामाच्या झाडाखालीच शिकवलं होतं, आणि मी ती दिली आहे, अराबा. लग्नात तुझा पदर धरला, तुझं मूल हातावर घेतलं, तुझे डोळे पुसले. पण जिंकणाऱ्याने खंडणी घ्यायची, आणि वर ती किती गोड होती हे हरलेल्याच्याच हातून सुंदर इंग्रजीत लिहून घ्यायचं, हे रोमनांनाही सुचलं नव्हतं.

त्या झाडाची एक फांदी वर सांगायची राहिली, रेट्रिब्यूशन. लोक त्याचा अर्थ सूड, शिक्षा असा घेतात. तू घाबरू नकोस. सिस्टर म्हणायच्या, त्याच्या आजोळी विचारलंत तर ते साधं आहे. पुन्हा वाटणं. ज्याचं होतं त्याला परत देणं. मला सूड कुठे उगवायला जमतो? माझा एको मला परत मिळणार नाही, माझी ती वर्षंही नाही. आज सकाळी मी बाजारातून मासळी आणली, निवडली, शेजारणीशी हसून बोलले. आयुष्य संपत आलेल्या बाईला जितकं रागावता येतं तितकीच मी रागावले आहे. पण एक गोष्ट परत देता येण्यासारखी अजून आहे, आणि ती देण्याची वेळ शनिवारी सकाळपर्यंतच आहे.

म्हणून हे पत्र. बाटली याच्याबरोबर परत पाठवते आहे, उघडलेली नाही. ट्रिब्यूट मी लिहिणार नाही. तुझं तूच लिही, किंवा लिहू नकोस, आपल्या फांटी भाषेत बोल, तुझ्या बोलण्याला कधी कुणी नाव ठेवलं नाही. पण शनिवारी पहाटे त्याला चांगलं कापड नेसवून पितळी पलंगावर ठेवतील, आणि आपल्या बायका एकेक करून आत जाऊन त्याच्याशी बोलतील, पलीकडे गेलेल्या आपल्या माणसांसाठी निरोप सांगतील, तेव्हा पहिली तू जाशील. बाहेर गाणं चालू असेल, तू काय बोललीस ते फारसं कुणाला ऐकू जाणार नाही. त्याला नातवंडांचं सांग, होडीचं सांग, तुझ्या गुडघ्यांचं सांग. पण त्या सगळ्याच्या आधी त्याला सांग की एफुआने कुणाला काही कबूल केलं नव्हतं. ती खिडकीशी उभी होती. ती वाट बघत होती. मान्सा आत्या त्याच्या उशाशी बसलेली असेल, तिला कमी ऐकू येतं, म्हणून जरा मोठ्याने सांग. मी दाराशी उभी असेन. तुझं सांगून झालं की मी आत येईन, त्याच्या पायांशी थोडी बसेन आणि निघून जाईन, पुन्हा कधी या गोष्टीचं नाव काढणार नाही. तू सांगितलं नाहीस, तर मी सांगेन. आणि माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातो, हे तुझ्याहून जास्त कुणाला ठाऊक असणार?

अजूनही, का कोण जाणे,
तुझीच
एफुआ